पक्षी लहान, गाव मोठं: निफाडच्या हिवाळ्यातली प्रगती

यंदाच्या हिवाळ्यात पक्ष्यांचे जवळून फोटो काढायच्या ६०० एमएम लेन्सवरचा हात आखडता घेतला आहे. लेन्स विकलेली नाही, बॅगेतच असते. पण नांदूर मधमेश्वरला पोचलो की आधी कमी पल्ल्याची ७०-३०० लेन्स बाहेर निघते. गेल्या काही हंगामांतले फोटो एका रात्री शेजारी शेजारी लावून बघितले. शेकाट्या, थापट्या, चमचा, सगळे पाणपक्षी स्वच्छ, डोळ्यात चमक, मागे छान विरघळलेली करडी-हिरवी पार्श्वभूमी. त्यातला नांदूरचा कोणता, भिगवणचा कोणता आणि जायकवाडीचा कोणता हे फाइलची तारीख बघितल्याशिवाय कुणालाही सांगता आलं नसतं. तेव्हा या हंगामापुरता एकच नियम घातला: फोटोत पक्षी ओळखू आला पाहिजे आणि गावही.

ज्यांचं येणं झालं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळातला दगडी बंधारा आहे. नद्यांनी आणलेला गाळ त्याच्यामागे साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणकणीस माजलं, आणि पाटबंधाऱ्याच्या कामातून नकळत एक दलदल तयार झाली. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून तिची नोंद झाली. चहूबाजूंनी द्राक्षबागा, ऊस, कांदा. म्हणजे पक्षी आणि शेतशिवार एकाच चौकटीत आणायला याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही.

आता हिशेब. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सर, ६०० एमएम, एफ/६.३ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), पक्षी ६० मीटरवर: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच मीटरचा. मागचं देऊळ, झाड, माणूस सगळं धुरकट होणारच. त्याच अंतरावर १३५ एमएम आणि एफ/११ लावलं की साधारण ३५ मीटरपासून २०० मीटरपर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. किंमत अशी की मीटरभर उंचीचा चित्रबलाक चौकटीच्या उंचीचा फक्त सातवा हिस्सा व्यापतो, आणि शेकाट्या तर विसावा. इथेच पहिला धडा मिळाला. लहान दाखवायचा तर पक्ष्याला स्वतःचा आकार हवा. चित्रबलाक, चमचा, राखी बगळा, मोर शराटी हे नुसत्या सावलीवरून ओळखू येतात. वारकरी, म्हणजे चांदवा हा काळा पाणपक्षी, पाण्यावर बसला की काळा ठिपका, बाकी काही नाही. त्याला एकटा घेण्यात अर्थ नाही; शंभरेक एकत्र असतील तर मात्र तेच ठिपके पाण्याला पोत देतात. शेकाट्यांचंही तसंच, थवा हवा.

मान आणि चोच बाजूने दिसेपर्यंत बटण दाबायचं नाही. बगळा समोर तोंड करून उभा राहिला की खुंट वाटतो. क्लोजअपमध्ये डोळा सगळं सांभाळून घेतो, इथे ती सोय नाही.

पक्षी बघायच्या मनोऱ्याबद्दलचं मतही बदललं. जवळून फोटो काढणारे आपण मनोऱ्याला नाकं मुरडतो, कारण पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर जाता येत नाही. रुंद चौकटीला मात्र उंची हवीच. खालून बघितलं तर दहा बदकं एकमेकांवर चढून एक गठ्ठा होतो. वरून तीच पाण्यावर सुटी होतात, मधली वाट दिसते, मागची बेटं आणि पलीकडची उसाची रेघही बसते. कठड्यावर ज्वारी भरलेली पिशवी टाकतो, ट्रायपॉड गाडीतच राहतो. दुसऱ्या कुणी मनोऱ्यावर पाय आपटला की सगळं हलतं, त्याला इलाज नाही.

नदीपात्रातलं मधमेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ आणि पुढे पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे, हा फोटो या हंगामातला माझा सगळ्यात आवडता. काळ्यावर काळं, त्यामुळे सोपा नव्हता. पाणकावळ्यांच्या मागे देऊळ न येता उजेडलेलं पाणी येईल अशी जागा शोधत काठाने बराच सरकत गेलो. दोन पावलं डावीकडे आणि फोटो बसला. एक्स्पोजरमध्ये फेरफार केला तो एवढाच: कॅमेऱ्याचा मीटर जे सांगेल त्याच्या पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली, म्हणजे पाणी पांढरं फटक होत नाही.

पाण्याची पातळी बघून जायची सवय लागली, ही यंदाची खरी कमाई. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळी, चालू असताना कालव्यांना पाणी द्यायचं म्हणून बंधारा भरलेला ठेवतात. तेव्हा बदकांची चंगळ, पण काठ बुडालेला. आवर्तन संपून पाणी उतरलं की गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि तुतवार, शेकाट्या, धोबी तिथे चरायला उतरतात. उघडा गाळ म्हणजे चौकटीत वळणदार रेघाही फुकट मिळतात. त्यामुळे आता निघण्याआधी पक्ष्यांच्या यादीपेक्षा पाटाला पाणी आहे का हे विचारतो. हे सांगणारे लोक म्हणजे काठावरचे शेतकरी आणि आपले स्थानिक गाइड. कुठल्याही ॲपपेक्षा पक्की खबर.

थंडीचं काय सांगावं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की निफाडचं नाव पेपरात येतं, आणि आपल्यासारखे लोक त्याच दिवशी कॅमेरा घेऊन निघतात. बागायतदारांची मात्र झोप उडते. ऑक्टोबरात गोडी छाटणी (द्राक्षाची फळछाटणी) झालेल्या बागांत मणी भरत असतात, आणि अशा थंडीने ते तडकतात. म्हणून पहाटे ड्रिप चालू करतात, बांधावर शेकोट्या पेटवतात. धुकं, धूर आणि तिरपा उजेड एकत्र आला की लँडस्केप आपोआप उभा राहतो. पण माणूस काळजीत जागा असताना आपण त्याच्या धुराचं कौतुक करतो, हे बोलताना तरी लक्षात ठेवलेलं बरं.

एका बागेच्या कडेला परवानगी घेऊन उभा होतो. मालक सत्तरीचे. स्क्रीनवर फोटो दाखवला.

“पक्षी कुठे यात?”

“तो बघा आप्पा, तारेवर. कोतवाल.”

“हा होय! मग जवळून काढायचा ना भाऊ. एवढी मोठी नळी कशाला आणली?”

त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचेना. मग धूर डोळ्यांत जातोय म्हणून त्यांनीच मला वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं, आणि खरं तर तिथूनच रांगा जास्त चांगल्या दिसल्या.

धुक्यातल्या कामाच्या गोष्टी. कॅमेरा धुक्याला करडं करून टाकतो. एक्स्पोजर पाऊण ते सव्वा स्टॉप वाढवायचं. ऑटोफोकस भरकटतो, म्हणून एकच बिंदू आणि तोही पक्ष्याच्या कडेवर, जिथे काळं-पांढरं भेटतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवला तर पहाटेचा निळेपणा धुऊन निघतो, मी ५२०० केल्विनवर बांधून टाकतो. संगणकावर डिहेझचा (धुकं कमी करायचा) दांडा उजवीकडे ओढू नका. धुकं काढायचंच असेल तर एवढ्या पहाटे उठायचं कशाला? ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचं काहीच धारदार येत नाही. ती वेळ उसाच्या फडाकडे जायची: तोड चालू असेल तिथे बैलगाड्या, तोडकऱ्यांच्या कोप्या आणि मागोमाग गायबगळे. फडात माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढत नाही.

राहिल्या भोरड्या. मध्य आशियातून येणाऱ्या या मैनांचे थवे संध्याकाळी बाभळींवर आणि पाणकणसांत उतरतात, आणि उतरण्याआधी आकाशात जे काही करतात ते अजून मला नीट पकडता आलेलं नाही. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं तर नुसते ठिपके, चाल दिसत नाही. १/१५ ला खालच्या शिवारासकट सगळा काला. १/६० च्या आसपास थव्याची कड धारदार आणि पोट पुसट असं थोडंफार येतंय, पण उजेड उतरत असल्याने आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर जातो आणि आकाशात दाणे दिसतात. ट्रायपॉडवर एकापाठोपाठ फ्रेम घेऊन त्या एकत्र करायच्या हा एक उपाय आहे. त्यात दाणे कमी होतील, पण थव्याचा माग उमटेल आणि तो खरा वाटेल का याची शंका आहे. त्या परत जायच्या आत, मार्चपर्यंत, दोन्ही पद्धती एकाच संध्याकाळी लावून बघणार आहे. कुणी मोठ्या थव्यावर असं केलं असेल तर शटर किती ठेवलं होतं आणि फ्रेममध्ये अंतर किती, तेवढं कळवा.