विण्याच्या मागे चार दिवस

मार्गशीर्षात आण्णांचं वर्षश्राद्ध झालं. त्यांची भगवी पताका ओसरीच्या आढ्याला खोचलेली होती, ती कुणी काढली नव्हती. पौष लागला तसे दिंडीचे विणेकरी बाबा दारात आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं ह्या घरातला माणूस त्र्यंबकला चालत गेला. यंदा कोण येणार?"

मी गप्प राहिलो. आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला, म्हणजे ऐन थंडीत, आणि तेव्हा आमच्याकडचा द्राक्षबागाईतदार घर सोडत नाही. मण्यात पाणी उतरत असतं, म्हणजे मणी पिकायला लागलेला असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येतो आणि तो वाचून तालुक्याच्या पोटात गोळा येतो. दिवसा ऊन आणि पहाटे कडाका, असा फरक वाढला की थॉमसन जातीच्या द्राक्षाचे हिरवे मणी गुलाबी पडतात. पिंक बेरी म्हणतात त्याला. असा माल युरोपला जात नाही. म्हणून आम्ही घडाघडाला कागद गुंडाळतो, पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ड्रिप चालू ठेवतो.

यंदा त्यात आणखी एक गोष्ट होती. माझा एक जुना मित्र पॅकहाउस टाकतोय, म्हणजे निर्यातीचा माल निवडून, थंड करून पेट्यांत भरायची जागा, कोल्ड स्टोअरेजसकट. मी भागीदार व्हावं म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. माझ्या वाट्याचे 60 लाख, आणि तारण माझी सात एकर बाग. द्वादशीच्या दिवशी बँकेत कागद द्यायचे ठरले होते.

आमच्या पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर खडूनं एक आकडा लिहिलेला आहे: 100 टन. एका हंगामात शंभर टन माल निर्यात करायचा. पुसट झाला की दर दसऱ्याला मी तो पुन्हा गिरवतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपानं नाशिकची द्राक्षं नाकारली, तेव्हा माझाही माल त्यात होता. वेलीची वाढ आवरावी म्हणून ते संजीवक तेव्हा सगळीकडे मारलं जायचं. ज्याच्यामार्फत माल गेला होता त्यानं आधी फोन घेणं बंद केलं, मग हिशेब. दोन वर्षं आम्ही कर्ज फेडलं. त्या दोन वर्षांतही तो आकडा मी गिरवतच होतो.

शेवटी पोरगाच म्हणाला, "पप्पा, तुम्ही जा. बाग मी बघतो." मग सप्तमीला पहाटे मी पताका खाली काढली.

पहिल्या दिवशी मी चाललो नाही, किलोमीटर मोजले. चांदोरीपर्यंत फोन हातात होता. किती झाले, ताशी किती पडतात, मुक्कामाला किती वाजता पोचू. चोपदारानं दोनदा सांगितलं, "माउली, रांग सोडू नका." मी विण्याच्या पुढे निघून गेलेलो असायचो. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, त्यामागे विणेकरी आणि शेवटी तुळस घेतलेल्या बाया. विण्याच्या पुढे जाऊन कुणाला काही मिळत नाही. त्र्यंबकही एक आणि एकादशीही एकच, ती सगळ्यांना एकदमच मिळणार. वीस वर्षं बागेत पहाटे सगळ्यांच्या आधी पोचणाऱ्या माणसाच्या पायांना मात्र हे कळायला वेळ लागतो.

चांदोरीच्या मुक्कामात झोप आली नाही. आण्णा डोळ्यांसमोर होते.

गाव म्हणतं, आण्णा समाधानी माणूस. खरंच होते. गहू, हरभरा, थोडा कांदा. जेवढं आलं तेवढ्यात ते राजी असायचे. शेजारच्या बांधाकडे त्यांनी कधी वाकून बघितलं नाही. वारीला निघाले की तोंडावर असं तेज यायचं की लहानपणी मला त्यांचा हेवा वाटायचा. पण आमची विहीर अर्धीच राहिली, कारण ती खोल करायचा ध्यास त्यांना नव्हता. दहावीनंतर ताईची शाळा सुटली, कारण तालुक्याला जायच्या पासाचे पैसे त्या साली नव्हते. आणि एक्केचाळीस वर्षांत आई एकदाही वारीला गेली नाही, कारण घरी दोन गाई होत्या. आण्णा आण्णांसारखे राहिले, त्याची किंमत ह्या दोघींनी दिली. मी 1999 साली पहिली एक एकर बाग लावली ती ह्याच रागातून. म्हणून "जसा आहेस तसा राहा" असं कुणी मला प्रेमानं सांगितलं की मला ताईचं दप्तर आठवतं. ते बरीच वर्षं खुंटीला तसंच होतं.

अष्टमीला लाखलगाव, ओढा, शिलापूर करत नांदूर नाक्याला आलो. गोदावरी कधी दिसायची, कधी नुसती बाजूला आहे एवढं कळायचं. आम्ही तिच्या उलट्या दिशेनं चाललो होतो. ज्या पाण्यावर आमचा तालुका बागाईत झाला, त्याच्या उगमाकडे. तपोवनातून रामकुंडावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पंचवटीत ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला. ती भाकरी मी अजून विसरलेलो नाही.

नवमीला पहाटे काकड्याच्या वेळी पोराचा फोटो आला. बागेतलं थर्मामीटर, 5.4. खाली लिहिलं होतं, शेकोट्या पेटवल्या, पाणी चालू आहे.

मी उठून चपला घातल्या. एसटीनं दीड तासात घरी पोचता आलं असतं. त्याला फोन लावला, "निघतो मी."

"पप्पा, तुम्ही आल्यानं पारा चढणार आहे का?"

हे तो उद्धटपणे म्हणाला नाही. रात्रभर जागलेला होता, आवाज बसलेला होता. मग म्हणाला, "जे तुम्ही केलं असतं तेच करतोय. आई पण आहे इथं."

मी चपला काढल्या आणि काकड्याला जाऊन बसलो.

त्र्यंबक रोडला लागलो. सातपूरच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटत होती. गेटाबाहेर कामगार डोक्यावरची टोपी काढून विण्याला हात लावत होते. नाशिकमध्ये पेठ तालुक्यातली काही माणसं आमच्यात मिसळली होती. त्यातला एक माझ्या शेजारच्या रांगेत. माझ्याकडे दोन-तीनदा बघून म्हणाला, "शेठ, तुमच्या बागेत मी छाटणीला होतो." मला तो आठवला नाही, आणि त्याची मला लाज वाटली. त्याला मात्र माझी बाग नीट आठवत होती. बांधावरची चिंच, तिसऱ्या ओळीतला मांडवाचा वाकलेला अँगल, सगळं.

"त्या साली तुम्ही घड लई ठेवायला लावले," तो म्हणाला. "आमचा मुकादम म्हणत होता, काडीला पानं नाहीत एवढी."

घडापुढे पंधरा-सोळा पानं लागतात, तेव्हा मणी फुगतो आणि साखर भरते. हे मी शेकडो जणांना सांगितलं असेल. चर्चासत्रात उभं राहून सांगितलंय. तरी त्या वर्षी शंभर टनांच्या नादात वेलीवर दीडपट घड ठेवले होते. मणी 18 मिलिमीटरला पोचलाच नाही, माल गावबाजारात गेला, आणि पुढच्या वर्षी अर्ध्या काड्या वांझ निघाल्या.

पण वेलीला तिच्या मनासारखी वाढू दिली तरी द्राक्ष येत नाही, हेही तितकंच खरं. एप्रिलला काडीसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी. न छाटलेली वेल मांडवभर पसरते, हिरवीगार दिसते आणि तिला धड घड लागत नाही. त्यात आमची थॉमसन स्वतःच्या मुळांवर उभीसुद्धा नसते. खाली डॉगरिज ह्या दुसऱ्या वेलीचा खुंट आणि वर थॉमसनचा डोळा बांधलेला, तेव्हा ती आमच्या खाऱ्या पाण्यात तग धरते. मग वेलीचं "स्वतःचं रूप" कुठलं म्हणायचं? कात्रीशिवाय ती वेल वेल राहते, बाग होत नाही. सातपूर ते महिरावणी मी हेच घोळवत होतो आणि मला धड टोक सापडत नव्हतं.

त्या माणसाची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे डांबरी रस्त्यावर पळते, गोळाफेक करते, दिवसा दुसऱ्यांच्या बागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला जाते. पहिल्या खेपेला धावण्यात गुण कमी पडले. "तिला म्हटलं, पोरी, नाही झालं तर नाही. तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही," तो म्हणाला. मग थोडं चालून, "बरोबर होतं तिचं. नाही झालं तर जाऊ दे, हे म्हणायला आपल्या मागं सात एकर लागतात."

त्यानं सात एकर हे सहज म्हटलं की माझ्यावरून, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

महिरावणीच्या अलीकडे बाबांनी विणा माझ्या गळ्यात घातला. "आण्णा इथून घ्यायचे," एवढंच म्हणाले. विणा खाली टेकवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. तो घेतल्यावर झपझप चालता येत नाही, कारण मागे सत्तर वर्षांच्या बाया तुळस घेऊन येत असतात. रेंगाळताही येत नाही, कारण पुढची पावली तुटते. उजव्या बोटाखाली तार, कानात टाळ, आणि पाय आपोआप सगळ्यांच्या पायांशी जुळलेले. मला पोचायचं होतंच, कुणाहूनही कमी नाही. पण त्या दोन-अडीच किलोमीटरमध्ये किती राहिले हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. विणा उतरवून दिला तेव्हा खांदा हलका झाला आणि मला रडू आलं. बाबांनी पाहिलं आणि मान फिरवली.

रात्रीच्या कीर्तनात निवृत्तिनाथांची कथा लागली. आईवडिलांबरोबर भावंडं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होती, वाघ आडवा आला, पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला. ही कथा आम्ही पाळण्यापासून ऐकतो. ह्या वेळी मला वेगळं जाणवलं. वाट चुकून मिळालेलं ते ज्ञान ह्या पोरानं जपून ठेवलं नाही, धाकट्या भावाला दिलं. गीता मराठीत सांग, अशी आज्ञाही केली. 1290 साली ते काम नेवाशात पुरं झालं तेव्हा ज्ञानोबा पंधरा वर्षांचे आणि निवृत्तिनाथ सतरा. पुढे ज्ञानोबा गेले, सोपानकाका गेले, मुक्ताई गेली, आणि सगळ्यांना निरोप देऊन 1297 मध्ये चोविसाव्या वर्षी ते त्र्यंबकला समाधिस्थ झाले. नाव निवृत्ती, पण हातून एवढं मोठं काम उभं करवून घेतलं, आणि त्यावर नाव भावाचं. एवढा मोठा ध्यास असूनही त्यात "मी" कुठे दिसत नाही, ह्या गोष्टीपाशी मी रात्रभर थांबून होतो. माझ्या शंभर टनांत मीच मी होतो. तो आकडासुद्धा माझा नव्हता. एका बागाईतदाराच्या सत्काराला तो ऐकला होता, हार-तुरे बघितले होते, आणि घरी येऊन भिंतीवर लिहिला होता.

दशमीला अंजनेरी डाव्या हाताला ठेवून पेगलवाडीवरून त्र्यंबकात शिरलो. चारही बाजूंनी दिंड्या येत होत्या, टाळांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कुशावर्तावर स्नान केलं. समाधीच्या दर्शनाला सहा तास लागले आणि आत गेल्यावर डोकं टेकायला एक क्षण. आण्णांसाठी काय मागायचं ठरवून गेलो होतो ते आठवलंच नाही. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली, रथाच्या वेळी खांद्याला खांदा लावून गर्दीत उभा राहिलो.

तिथूनच मित्राला फोन केला. सांगितलं, माल तुझ्याच पॅकहाउसला देईन, सगळा. भागीदार होणार नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घाबरलास." मी म्हटलं, असेन. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. पंचवीस वर्षांची दोस्ती आहे, मला त्याचं वाईट वाटतं, आणि मी बरोबर केलं की चूक ह्याचा निकाल एका वारीत लागत नाही.

द्वादशीला टेम्पोनं घरी आलो. पूर्वेकडच्या दोन ओळींत कागद सुटले होते, तिथले घड गुलाबी झाले होते. बाकी बाग शाबूत. पोरगा बांधावरच गोधडी घेऊन झोपला होता.

शेडमध्ये गेलो. शंभर पुसला नाही. येत्या दसऱ्याला गिरवणार नाही, एवढं ठरवलं. त्याच्या बाजूला पोरानं खडूनं रोजचं किमान तापमान लिहून ठेवलं होतं, चारही दिवसांचं.

संध्याकाळी मी पताका पुन्हा आढ्याला खोचायला स्टूल घेतलं. बायको भाकरी थापत होती. चार रात्री शेकोट्यांपाशी काढून तिचे डोळे लाल झाले होते.

"वर नको, खालच्या खुंटीला लाव," ती म्हणाली. "पुढच्या पौषात मी जाणार आहे. माझा हात पोचला पाहिजे."

मग तिनं विचारलं, महिरावणीला रात्री पांघरायला एक घोंगडी पुरते का.