हमिंग जावं म्हणून कापलेली अर्थ

सभागृहात नवा पॉवर अँप्लिफायर (स्पीकरना ताकद देणारा, पुढे नुसता अँप) बसवायचा होता आणि संध्याकाळी तिथे रंगीत तालीम होती. जुना अँप रॅकमधून काढायचा, नव्याला स्वतंत्र लाइन द्यायची, स्पीकरच्या केबल बदलायच्या, आवाज तपासून द्यायचा, एवढंच काम. तिथले साउंड ऑपरेटर वयाने माझ्याहून बरेच मोठे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी अँपचं बटण आधीच बंद करून ठेवलं होतं. "बंद केलाय, काढा बिनधास्त," म्हणाले.

रॅकच्या स्क्रूला हात लावण्याआधी टेस्टर फिरवायची माझी पद्धत आहे. तार न उघडता व्होल्टेज ओळखणारा साधा टेस्टर. बंद असलेल्या त्या अँपच्या बॉडीजवळ नेला आणि तो वाजायला लागला.

टेस्टर वाजला म्हणजे धोका आहेच, असं नसतं. अर्थ, म्हणजे बॉडीला जमिनीशी जोडणारी संरक्षक तार, नसलेल्या बऱ्याच उपकरणांच्या बॉडीवर व्होल्टेज दिसतं. आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळे बॉडी ते अर्थ मोजलं तर ११०-११५ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या आसपास. त्यामागे जोर नसतो. हाताला मुंग्या येतात, आणि मीटर लो-इम्पीडन्सवर (यात मीटर स्वतः थोडा करंट ओढतो) टाकला की आकडा धाडकन खाली येतो. खात्री करायची म्हणून मी मुख्य बोर्डाच्या अर्थपट्टीपासून लांब वायर ओढली, ती फेजशी मोजून खरी अर्थ आहे ना ते पाहिलं आणि मीटरचं दुसरं टोक बॉडीच्या उघड्या स्क्रूला लावलं. २२८. लो-इम्पीडन्सवर टाकलं तर २२७. बॉडीला सरळ फेज उतरला होता, तोही बटण बंद असताना.

काकांना मागे व्हायला सांगितलं, एमसीबी (बोर्डावरचा, करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाडला, प्लग उपसला. मीटर चालू सॉकेटवर तपासला, मग अँपच्या बॉडीवर, मग परत सॉकेटवर. मधल्या वेळेत मीटरच बंद पडला असेल तर त्याच्या शून्यावर विसंबून चालत नाही.

प्लग उघडला. हिरवी-पिवळी, म्हणजे अर्थची वायर आखूड कापलेली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली आणि क्लॅम्पखाली व्यवस्थित दुमडून ठेवलेली. अर्थची पिन जागेवर होती, तिचा स्क्रू मोकळा. बाहेरून बघणाऱ्याला तीन पिनांचा धडधाकट प्लग दिसत होता.

"ती मीच काढली," काका म्हणाले. "जोडली की हमिंग यायचं, स्पीकरमधून सतत घुंघुं. सगळेच काढतात की."

सगळे काढतात हे खरं आहे, आणि म्हणूनच मी हे लिहितोय.

अँपचं झाकण काढलं. आत हात घालण्याआधी पॉवर सप्लायच्या, चार्ज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजून ते रेझिस्टरमधून उतरवलं. ताकदवान अँपच्या रेल (आतल्या पुरवठ्याच्या लाइन) अधिक-उणे ८०-९० व्होल्टच्याही असतात, म्हणजे दोन टोकांत १६० ते १८० व्होल्ट, आणि वीज काढल्यावरही तो चार्ज टिकू शकतो. काही जण स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. ते करू नये, कपॅसिटरही जातो आणि डोळ्यांवरही बेतू शकतं.

दोष शोधायला वेळ लागला नाही. मेन्सची कॉर्ड मागच्या पत्र्यातून आत शिरते तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवरची संरक्षक रिंग) वाळून चुरा झालं होतं. पत्र्याच्या भोकाची कच्ची कड कॉर्डच्या आवरणात रुतत रुतत तपकिरी, म्हणजे फेजच्या वायरच्या तांब्यापर्यंत पोचली होती. चार-पाच तारा पत्र्याला टेकलेल्या, भोवती काळपट डाग. ही जागा अँपच्या फ्यूजच्याही आधी आणि बटणाच्याही आधी. म्हणजे काका बटण बंद करून निर्धास्तपणे मागे केबल लावत होते, तेव्हा बॉडी तितकीच जिवंत होती. अर्थ जोडलेली असती तर पहिली तार टेकताक्षणी एमसीबी पडला असता आणि दोष त्याच दिवशी कळला असता.

आजवर कुणाला झटका का बसला नाही? रॅक लाकडी, खाली लाकडी फळ्यांवर गालिचा, समोरच्या पॅनेलला जाड रंग, बटणं प्लास्टिकची. शिवाय मागचा ग्राउंड-लिफ्टचा स्विच (सिग्नलचं ग्राउंड बॉडीपासून तोडणारा) "लिफ्ट"वर होता, म्हणून बॉडीवरचा फेज सिग्नल केबलच्या शील्डवाटे, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून, मिक्सरकडे (सगळे माइक एकत्र करणाऱ्या यंत्राकडे) गेला नाही. तो स्विच कुणी उलटा केला असता तर सगळा भार मिक्सरच्या अर्थवर आला असता. आणि मिक्सरच्या प्लगचीही अर्थ अशीच कापलेली असती, तर तोच फेज माइकच्या केबलच्या शील्डमधून गायकाच्या हातातल्या माइकच्या धातूपर्यंत गेला असता. हे नुसतं भय दाखवणं नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सीत 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवरच, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून शॉकने दगावला. मी काकांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आधी मिक्सरचा प्लग उघडून बघायला गेले. त्याची अर्थ शाबूत होती.

मग नव्या अँपचं काम. बोर्डापासून रॅकपर्यंत त्याची एकट्याची लाइन, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (अर्थकडे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच), आणि अर्थची वायर फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवून जोडलेली, म्हणजे कॉर्ड ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी निसटेल. एमसीबी सी प्रकारचा घेतला, कारण चालू करताना मोठा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर क्षणभर खूप करंट ओढतात आणि बी प्रकारचा उगाच पडतो.

काकांचं म्हणणं, "मग साउंडसाठी बाहेर वेगळा खड्डा मारू, आपली स्वतंत्र स्वच्छ अर्थ." हा सल्ला मी फार ठिकाणी ऐकलाय, आणि तो अर्थ कापण्याइतकाच घातक आहे. एकट्या खड्ड्याचा रोध २० ओहम धरला तर बॉडीला फेज लागल्यावर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणारच नाही, आणि आरसीसीबी नसेल तर बॉडी तशीच जिवंत राहील. इमारतीच्या अर्थपट्टीलाच जोडायचं, दुसरा मार्ग नाही.

स्पीकरचं काम त्या मानाने सरळ होतं. प्रत्येक चॅनेलवर ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर, म्हणजे ४ ओहम. काकांना ब्रिज मोड (दोन्ही चॅनेल जोडून एकच करणं) हवा होता. पण ४ ओहम ब्रिजवर लावले की प्रत्येक चॅनेलला ते २ ओहमच वाटतात, आणि हा अँप त्यासाठी नाही. अंतर ३० मीटर. अडीच स्क्वेअर एमएमची तार घातली तर जाऊन-येऊन ०.४ ओहमच्या वर होतो आणि जवळपास दहा टक्के पॉवर तारेतच जाते. चारची घातली. टोकांना स्पीकॉन हे झाकलेले कनेक्टर, कारण ४ ओहमवर १००० वॉट म्हणजे टर्मिनलवर ६३ व्होल्ट. तिथे उघडी तार चालत नाही.

सगळं जोडून अँप चालू केला आणि मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकती कळ) वर घेतला. हमिंग आलं, चांगलं भरभरून.

"बघा, मी म्हणत होतो," काका म्हणाले, आणि तालमीची मंडळी यायला लागली होती. अशा वेळी हात प्लगकडे जातो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी इनपुटची केबल काढली. अँप एकदम शांत. म्हणजे अँप, त्याची लाइन आणि अर्थ सगळं ठीक, जे काही होतं ते सिग्नलच्या वाटेवर. मिक्सर सभागृहाच्या मागच्या टोकाला, वेगळ्या बोर्डावर. दोन जागांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असणारच, आणि बॅलन्स्ड केबल असते ती त्यासाठीच: दोन्ही तारांवर सारखाच आलेला फरक अँपचा इनपुट वजा करून टाकतो. तो वजा होत नव्हता, म्हणजे दोनपैकी एक तार पोचतच नव्हती.

अँपकडचा कनेक्टर उघडला. तीन नंबरच्या पिनवर सोल्डरचा नुसता मणी होता आणि तिची तार बाजूला सुटून पडलेली. केबल नावापुरती बॅलन्स्ड, काम अनबॅलन्स्डचं. तार सोलून, पिन स्वच्छ करून पुन्हा जोडली. हमिंग गेलं आणि आवाजही चांगलाच वाढला, कारण सिग्नलची निम्मी बाजू इतकी वर्षं अँपपर्यंत येतच नव्हती. जुन्या अँपवरचं हमिंगही याच सांध्याचं. आणि समजा हा सांधा सापडला नसता, तरी ग्राउंड-लिफ्टचा स्विच होता. तो फक्त सिग्नलचं ग्राउंड वेगळं करतो, बॉडीची अर्थ तशीच राहते. सिग्नलच्या मधे एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालता येतो. या सगळ्या वाटा असताना लोक कात्री उचलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटी प्लगच्या पिनपासून अँपच्या बॉडीपर्यंत अर्थची सलगता मोजली, ०.१ ओहम. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ते पडतं का पाहिलं. काकांनी तोवर कपाटातून आपले आणखी प्लग आणि अ‍ॅडॉप्टर काढून आणले होते. बसून एकेक उघडला, ज्यांची अर्थ कापलेली होती त्यांची जोडून दिली.

जुना अँप स्पेअरला ठेवू का, असं त्यांनी विचारलं. ठेवा, म्हटलं, पण नवं ग्रोमेट, नवी तीन कोअरची कॉर्ड, अर्थ दातेरी वॉशर घालून बॉडीला घट्ट, आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन तपासल्यावरच. तोपर्यंत घाईत कुणी लावू नये म्हणून त्याची जुनी कॉर्ड पत्र्यालगत कापून टाकली.