वाचनवेगाची वही: नववा आठवडा, पोस्टकार्ड बाद

मागच्या नोंदीत मिनिटाला २६० शब्द असं दिमाखात लिहिलं होतं. तो आकडा मागे घेतोय.

झालं असं, की आतापर्यंत उतारा मीच निवडायचो, प्रश्नही मीच काढायचो. म्हणजे पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच. मग एकदा ताईला बसवलं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून (१८९३ पासूनचं आहे, अजून गेला नसाल तर जाऊन या) आणलेल्या एका जुन्या कथासंग्रहातली सहा पानं तिनं निवडली आणि दहा प्रश्न काढले. मी सुसाट. दहापैकी चार बरोबर.

सहावा प्रश्न होता, रात्री गावात कोण शिरलं? मी लिहिलं, चार माणसं. ताई हसून हसून लोळली. पुस्तकात होतं, ‘गावात चोर शिरले.’

दोष पोस्टकार्डाचा. वाचून झालेली ओळ कार्डानं झाकत खाली यायचं, म्हणजे नजर मागे जाणार नाही, ही युक्ती मी इंग्रजी पुस्तकांवरून उचलली होती. पण आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं शिरोरेषेच्या वर. कार्ड केसभर खाली सरकलं की ‘चो’चा ‘चा’ होतो. त्यात मी वाचतो ठाणे-वाशी गाडीत. ठाण्याहूनच सुटते म्हणून बसायला मिळतं, पण ऐरोली-रबाळेपर्यंत मांडीवरचं कार्ड गाडीबरोबर हलत असतं.

आणि मागे वळणं हा आजार नाहीच मुळी. इंग्रजी वाचणाऱ्यांवरच्या प्रयोगांत सराईत वाचकाच्याही नजरेच्या साधारण १० ते १५ टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात. वाचनाचे अभ्यासक कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मागे वळायची सोयच काढून घेऊन पाहिली, तर वाक्यं कमी समजली. १९५९ मध्ये अमेरिकेत एव्हलिन वूडबाईंनी वेगवाचनाचे वर्ग काढल्यापासून मिनिटाला हजारो शब्दांचे आकडे कानावर येताहेत. २०१६ चा रेनर मंडळींचा आढावा सांगतो की वेग खूप वाढवला तर आकलनातून वजा होतोच. माझ्या चार गुणांनी तेच सांगितलं, फक्त फुकटात.

आता पेन्सिल. टोक ओळीखाली, कागदाला न टेकवता, उकाराला धक्का न लावता. अडलं तर मागे जायची मुभा, पण वाक्य पुरं झाल्यावरच. माझी खोड वाक्याच्या मध्यातून परत फिरण्याची होती. ती मोडली आणि खरा वेळ तिथेच वाचला. मनातला उच्चार दाबायला एक-दोन-तीन मोजत वाचणं हा प्रकार दोन दिवसांत सोडला. आकडे तेवढे पाठ झाले.

दुसरा बदल मोजमापात. शब्द मोजणं बंद. ‘शेजारच्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. मग इंग्रजी वाचकांच्या मिनिटाला सरासरी २४० शब्दांशी आपली तुलना कशाला? मी अक्षरं मोजतो, जोडाक्षर एकच धरून. दहा ओळींची सरासरी काढायची, ओळींनी गुणायचं. किचकट वाटतं, पण एका पुस्तकाला एकदाच करावं लागतं.

आकडे, सगळे ताईच्या प्रश्नांवर: पहिल्या आठवड्याचा उतारा तिच्याकडून नव्यानं तपासून घेतला, मिनिटाला ४४० अक्षरं, १० पैकी ७. पोस्टकार्डवाला आठवडा ७६०, गुण ४. हा आठवडा ५४०, गुण ८. म्हणजे नऊ आठवड्यांत शेकडा तेवीसच्या आसपास वाढ. जाहिरातीत छापण्याजोगी नाही, पण माझी आहे.

राज्यसेवा परीक्षेचा सीसॅट (उतारे आणि तर्काचे प्रश्न असलेला पेपर) देणाऱ्यांनी विचारलं होतं, म्हणून थोडक्यात: ८० प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. तिथे आधी प्रश्नांवर नजर टाकून मग उतारा वाचला तर मला फायदा झाला. कथेला मात्र ही पद्धत लावू नका, मजा जाते.

पुढच्या आठवड्यात बारीक टायपातला दिवाळी अंक घेणार आहे. ताईनं अट घातलीय, प्रश्न बारा असतील आणि त्यातला एक तरी चोरांवर असेल.