तुम्ही विचारलंत म्हणून: एका कार्बनचे एवढे काय?

बडोद्यात द्रव स्फटिकांचे (द्रवासारखे वाहणारे, तरी रेणू स्फटिकासारखे शिस्तीत असलेले पदार्थ) रसायन नवे नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत ते कित्येक दशके चालत आले आहे. त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारी एम.एस्सी.ची मुले दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात: “सर, रेणूतला एक कार्बन इकडचा तिकडे केला, तर ध्रुवीकरण (धन-ऋण भारांचे एका दिशेला आपसूक सरकणे) कित्येक पटींनी कसे बदलते? आणि तोच रेणू बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळीला टांगला, तर पुन्हा सगळे वेगळेच का होते?”

आधी ध्रुवीकरण मुळात येते कुठून, ते पाहू. तिरक्या स्मेक्टिक, म्हणजे थराथरांच्या, प्रावस्थेत लांबट रेणू थरांमध्ये रचलेले असतात आणि सगळे एकाच बाजूला कललेले असतात. ज्या प्रतलात ते कलतात, ते प्रतल साध्या रेणूंच्या बाबतीत आरशाचे काम करते. त्या प्रतलाच्या लंबदिशेने एका रेणूने जे द्यावे, ते त्याच्या प्रतिबिंबाने काढून घ्यावे, असा हिशेब होतो आणि बेरीज शून्य येते. रेणू कायरल असला, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखा आपल्या प्रतिबिंबाशी न जुळणारा असला, की हा आरसा फुटतो आणि थराला समांतर, पण कलाच्या प्रतलाला लंब अशा एकाच दिशेने ध्रुवीकरण उरते. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर यांनी केवळ सममितीच्या या युक्तिवादावरून ते ओळखले आणि 1975 मध्ये फ्रेंच सहकाऱ्यांसह डीओबीएएमबीसी या संयुगात दाखवून दिले.

परंतु सममिती फक्त परवानगी देते. किती, ते सांगत नाही. डीओबीएएमबीसीचे ध्रुवीकरण दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम काही नॅनोकूलॉम (विद्युतभाराचे एक सूक्ष्म माप) भरते. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर प्रत्येकाने उजवा हात ताणून मोकळ्या गिरक्या घेतल्या, तर गच्चीवरून पाहणाऱ्याला त्या हातांची एकंदर दिशा सापडणार नाही, मग हात कितीही लांब असोत. रेणूतला द्विध्रुव, म्हणजे एका टोकाला थोडा धन आणि दुसऱ्या टोकाला थोडा ऋण भार असलेला भाग, हा तो हात. डीओबीएएमबीसीमध्ये एस्टर या ऑक्सिजनयुक्त गटाचा द्विध्रुव आणि कायरल कार्बन (ज्याच्यामुळे रेणू कायरल होतो तो) यांच्यामध्ये एक मिथिलीन गट (CH₂) आहे. तेवढ्या अंतरामुळे द्विध्रुव जवळजवळ बेफिकीर फिरत राहतो. कायरल कार्बन थेट एस्टरच्या ऑक्सिजनला जोडला, किंवा त्या कार्बनवरच क्लोरीन बसवला, की गिरकी अडखळते, एक दिशा जास्त सोयीची ठरते आणि आकडा शेकडो नॅनोकूलॉमपर्यंत चढू शकतो. म्हणून मी मुलांना सांगतो की द्विध्रुवाच्या आकाराआधी त्याची मोकळीक मोजा. (दोन द्विध्रुव बसवले आणि ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तर मेहनत वाया, हे मी दोनदा केले आहे.)

कायरल कार्बनची रचना उलटी केली की ध्रुवीकरणाचे चिन्ह उलटते, आणि डाव्या-उजव्या दोन्ही रूपांचे समान मिश्रण घेतले तर ते नाहीसेच होते. एकदा आमच्या हाती आलेल्या कायरल अल्कोहोलच्या बाटलीवर ‘शुद्ध’ असे लिहिलेले होते. त्यातून केलेल्या बहुवारिकाने सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर पोत दाखवला, परंतु विद्युतदाबाला तो ढिम्म हलला नाही. शेवटी उरलेले अल्कोहोल पोलारिमीटरमध्ये (कायरल पदार्थ ध्रुवित प्रकाश किती वळवतो ते मोजणाऱ्या उपकरणात) धरले, तेव्हा वळण शून्य निघाले, म्हणजे ते दोन्ही रूपांचे समान मिश्रण होते.

आता साखळीकडे. दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण आठवा: दोरी म्हणजे मुख्य साखळी, देठ म्हणजे मधला मोकळा दुवा, पान म्हणजे द्रव स्फटिकी गट. पान बिनदेठाचे दोरीलाच शिवून टाकले, तर दोरी पिळेल तसे ते पिळते; देठ लांब असेल, तर ते आपल्या परीने लटकते. हा दुवा 1978 मध्ये फिंकेलमान, रिंग्सडॉर्फ आणि वेंडॉर्फ या रसायनशास्त्रज्ञांनी मांडला, आणि 1984 मध्ये मॉस्कोत शिबायेव आणि सहकाऱ्यांनी कायरल स्मेक्टिक पार्श्वसाखळीची बहुवारिके केली. दुवा आखूड असेल, तर साखळीची गुंडाळण्याची ओढ आणि थरांचा शिस्तीचा आग्रह यांत भांडण लागते, कल कमी होतो आणि कलाबरोबर ध्रुवीकरणही उतरते. दुवा पुरेसा लांब असेल, तर ध्रुवीकरण त्याच गटाच्या सुट्या रेणूंच्या जवळपास येते. म्हणजे एकाच रेणूला कायरल कार्बनच्या टोकाला बांधायचे आणि साखळीच्या टोकाला सोडायचे असते. नवशिके नेमके उलटे करतात.

साखळीची जातही महत्त्वाची आहे. सिलोक्सेनची (सिलिकॉन-ऑक्सिजनची) साखळी लवचीक आणि थंडीतही न गोठणारी, अॅक्रिलेटची ताठर. 1980 मध्ये क्लार्क आणि लागरवॉल यांनी पातळ थरात सुट्या रेणूंची दिशा मायक्रोसेकंदांत उलटवून दाखवली होती. बहुवारिकात साखळीच्या घट्टपणामुळे बहुधा मिलिसेकंद लागतात. त्याच घट्टपणाचा एक फायदा असा की विद्युतक्षेत्राखाली दिशा लावून नमुना काचप्रावस्थेपर्यंत (काचेसारखा घट्ट होईपर्यंत) थंड केला, तर क्षेत्र काढल्यावरही ती दिशा गोठून राहते. म्हणून आकडा मोठा मिळाला की मी मुलांना पुढचे विचारतो: हा पदार्थ तुम्हाला चित्र दाखवणाऱ्या पडद्यासाठी हवा आहे, की दाबाने वीज देणाऱ्या पापुद्र्यासाठी? त्या उत्तरावर मग साखळी निवडायची.