टीएचं काम घ्यायच्या आधी

आज पवईच्या आयआयटीत एम.टेक.च्या मुलामुलींशी बोलणं झालं. प्रश्न एकच: टीएचं, म्हणजे टीचिंग असिस्टंट होऊन प्राध्यापकांना शिकवण्यात आणि पेपर तपासण्यात मदत करण्याचं, काम घ्यावं का?

कागदावर 'गेट'च्या (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) शिष्यवृत्तीचे महिना 12,400 रुपये आणि आठवड्याला 8 ते 10 तास काम. पण हे तास सारखे येत नाहीत. एरवी ट्युटोरियलची तयारी धरून चार-पाच तासांत भागतं. मिडसेम (सत्राच्या मधली परीक्षा) झाली की 90 पेपर, प्रत्येकी 8 मिनिटं, म्हणजे 12 तास नुसते तपासण्यात. आणि त्याच आठवड्यात तुमचीही मिडसेम!

म्हणून होकार देण्याआधी सर-मॅडमना स्पष्ट विचारा: वर्गात मुलं किती, टीए किती, गुणांची विभागणी कोण ठरवणार, लॅबच्या बॅचेस किती? विचारण्यात काही गैर नाही.

पेपर एकेक करून संपवू नका. आधी दहा पेपर नुसते वाचा, कुठल्या पायरीला किती गुण ते लिहून ठेवा, मग सगळ्यांचा पहिला प्रश्न, नंतर सगळ्यांचा दुसरा. असं केलं नाही तर सुरुवातीला कडक आणि थकल्यावर सैल गुण पडतात, आणि क्रिबच्या, म्हणजे गुणांवर हरकत घ्यायच्या, दिवशी रांग लागते.

स्वतः नीट शिकलेला विषय मिळत असेल तर जरूर घ्या. शिकवताना पाया पक्का होतो, मुलाखतीत ते दिसतं. दुसऱ्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर मात्र मोठ्या वर्गाचं काम टाळाच, डिसेंबरात प्लेसमेंट सुरू होतात. कल्याण-विरारहून येणाऱ्यांनी संध्याकाळची लॅब आधीच नाकारावी.