कानफटात

आज शेजारच्या काकूंना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. (त्यांना विचारूनच लिहितेय.) डाव्या कानाने ऐकू येत नाही, आत सतत गुणगुण. "कधी मार लागला होता?" काकू सहज म्हणाल्या, "ह्यांचा हात जड होता." काका जाऊनही कैक वर्षं झाली!

कानफटात बसली की हवेच्या दाबाने पडदा फाटू शकतो. लहान भोक बहुतेकदा 2-3 महिन्यांत आपोआप भरतं. काकूंचं भरलं नाही, कान वाहत राहिला. पडदा ऑपरेशनने बसवता येतो, पण आतल्या नसेला लागलेलं भरून येत नाही, तिथे मशीनच. सिनेमात मात्र कानफटात मारण्याला विनोद म्हणतात.

मशीनची किंमत ऐकून काकू म्हणाल्या, "राहू दे गं, दुसरा कान आहे की." मी सोमवारची अपॉइंटमेंट घेऊनच आले.