पेम्फिगस: गोळ्या सुरू करताना आणि कमी करताना

पेम्फिगस व्हल्गॅरिस हा कातडीवर आणि तोंडात फोड आणणारा आजार बहुधा तोंडात सुरू होतो. ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणि ग्लिसरीनवर महिने जातात. मग छातीपाठीवर पातळ सालीचे फोड येतात, नुसता टॉवेल लागला तरी फुटणारे. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर शरीरच उलटतं. आजार संसर्गजन्य नाही, ताट-वाटी वेगळी करू नका.

निदानासाठी बायोप्सीचे तुकडे दोन. फोडाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये. इम्युनोफ्लुरोसन्ससाठीचा (कातडीत चिकटलेल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणारी तपासणी), फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा तुकडा मात्र फॉर्मलिनमध्ये पडला की वाया गेला.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साधारण किलोमागे अर्धा ते १ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० ते ६०, सकाळी खाऊन. जोडीचं, प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन असर दाखवायला सहा आठवडे तरी घेतं, तोवर किल्ला स्टेरॉइडच लढवतं. अझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात केस मुठीमुठीने गळू लागले, तर तेल बदलत बसू नका. पांढऱ्या पेशी कोसळत असल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. यामागे बहुधा एनयूडीटी१५ या जनुकातला दोष असतो, त्याने हे औषध शरीराला झेपत नाही, आणि तो आपल्याकडे दुर्मीळ नाही. गाउटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर आधीच सांगा, ही जोडी जिवावर बेतते.

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरीचा यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेला ‘पल्स’ अजून वापरात आहे: १०० मिग्रॅ डेक्सामेथासोन सलग तीन दिवस सलाईनमधून, दुसऱ्या दिवशी त्यात ५०० मिग्रॅ सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं जहाल औषध), दर २८ दिवसांनी. पण सायक्लोफॉस्फामाइडने वंध्यत्व येऊ शकतं, त्यामुळे तरुण रुग्णात आमचा कौल रिटुक्सिमॅबला, म्हणजे अँटिबॉडीमागच्या बी-पेशी संपवणाऱ्या औषधाला, सलाईनमधून: १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा १ ग्रॅम. त्याआधी ‘ब’ कावीळ तपासताना एचबीएसएजी या नेहमीच्या चाचणीवर भागवू नये. जुना संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसीही हवी, नाहीतर दबून बसलेला विषाणू नंतर उसळतो. क्षयाची तपासणी आणि लसीही आधीच, जमल्यास महिनाभर. नंतर टोचलेली लस फारशी लागू पडत नाही.

ओल्या जखमांना चादर चिकटते आणि उठताना साल निघते. वॉर्डात त्यासाठी केळीचं पान वापरतात, स्वच्छ करून. जखमा धुवायला पोटॅशियम परमँगनेटची ४०० मिग्रॅची गोळी चार लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. रंग फिका गुलाबी हवा. जांभळं पाणी किंवा न विरघळलेला कण कातडी भाजतो.

नवे फोड थांबून दोन आठवडे झाले आणि जुने बरेचसे भरले की मगच प्रेडनिसोलोनचा डोस उतरवायचा: २० मिग्रॅपर्यंत दर पंधरवड्याला ५ ते १०, पुढे अडीच-अडीच. घोळ इथेच होतो. अंग स्वच्छ दिसलं की गोळ्या एकदम बंद होतात, आणि महिनोन्‌महिने गोळ्यांमुळे झोपलेली, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी लगेच जागी होत नाही. रक्तदाब पडतो, माणूस गळून जातो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर उद्यावर ढकलू नका. दवाखान्यात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं, आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘स्टेरॉइड चालू आहे’ हेच.